पळणाऱ्या जयवंताची चादर

मित्रांनो, मी एक जुनी चादर आहे. जुनी म्हणजे किती? मला विणणारा माग भंगारात गेला, तो माग ज्या गिरणीत होता ती गिरणी पडली, तिच्या जागी काचेची इमारत उभी राहिली आणि त्या इमारतीच्या काचाही आता एकदा बदलून झाल्या. मी मात्र अजून लालबागच्या एका चाळीत, गॅलरीतल्या दोरीवर वाळते आहे. चादरींच्या जातीत याला दीर्घायुष्य म्हणतात. माणसांच्या जातीत 'अजून टाकली नाही का ती?' असं म्हणतात.

माझा रंग मूळचा पांढरा. दोन्ही कडांना निळा पट्टा. विणताना एके ठिकाणी आडवा धागा चुकला, तपासणाऱ्याने त्यावर बोट ठेवलं आणि दुकानात जायच्या ऐवजी मी कामगारांना स्वस्तात विकायच्या ढिगात जाऊन पडले. तिथून मला धर्माने उचललं. धर्मा त्याच गिरणीत मागावर होता. कदाचित धागा त्याच्याच हातून चुकला असेल. त्याने तो विषय कधी काढला नाही, मीही काढला नाही.

धर्माने मला आणलं ते गावच्या खोलीवर. ही गावची खोली म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. कोकणातल्या सावरकोंड गावच्या लोकांनी वर्गणी काढून लालबागमध्ये एक खोली भाड्याने घेतली होती. गावचा जो माणूस मुंबईत कामाला येईल त्याने महिन्याचे ठरलेले पैसे मंडळाकडे भरायचे आणि खोलीत अंग टाकायचं. पत्र्याची ट्रंक भिंतीला, वळकटी ट्रंकेवर, जेवण शेजारच्या शेवंताबाईच्या खाणावळीत. खोलीत चार माणसं पाय पसरून झोपली तर पाचवा दारात बसेल, एवढीच जागा. आणि राहायची पंचवीस-तीस माणसं. हे जमायचं कारण गिरणीच्या पाळ्या आणि बाहेरची गॅलरी. एक पाळी निजलेली असायची तेव्हा दुसरी मागावर उभी असायची. धर्मा उठून गेला की त्याचा पुतण्या जयवंत माझ्यावर येऊन पडायचा. मी गार पडायला वेळच नसे. मी माणसांना तोंडावरून ओळखत नाही, पाठीवरून ओळखते. धर्माची पाठ रुंद आणि घामट. जयवंताची पाठ अरुंद, आणि झोपेतही त्याचे पाय हलायचे.

पाय हलायचे, कारण जयवंत बदली कामगार होता. बदली म्हणजे कायम नाही. कोणी गैरहजर राहिला तर त्याच्या जागी उभं राहायचं. एका खात्यात जागा नाही म्हणाले की दुसऱ्या खात्याकडे पळायचं, तिथेही नाही म्हणाले की दुसऱ्या गिरणीच्या गेटवर. परळपासून वरळीपर्यंत जयवंत असा रोज पळत असे, आणि त्या काळी त्याला कोणीही पदक दिलं नाही.

मग संप झाला.

त्याचं सगळं मी सांगत नाही, तुमच्या घरात कोणीतरी सांगायला असेल. मला एवढंच आठवतं, की एके दिवशी चार माणसांनी मला चार टोकांना धरलं आणि रस्त्यावर नेलं. संपकऱ्यांसाठी मदतफेरी होती. लोक वरून, बाजूने, गॅलरीतून माझ्यात पैसे टाकू लागले. मित्रांनो, मला धक्काच बसला. तोवर माझ्या अंगावर फक्त माणसं पडली होती. पैसा अंगावर पडला की लागतो, हे मला तेव्हा कळलं. त्याहून मोठा धक्का, टाकणाऱ्यांत निम्मे स्वतःच संपावर होते. ज्याच्यासाठी मी पसरलेली, तोच येऊन माझ्यात चार आणे टाकून जात होता आणि पुढच्या नाक्यावर जाऊन दुसऱ्याच्या चादरीकडे आशेने बघत होता.

पुढे धर्मा गणपतीला म्हणून गावी गेला तो परत आला नाही. खोली रिकामी होत गेली. संप मिटल्याचं मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. मला घडी करून जयवंताच्या ट्रंकेत ठेवलं, आणि ट्रंकेत बातम्या येत नाहीत.

बरीच वर्षं गेली. मला बाहेर काढलं तेव्हा जयवंत पन्नाशीला आलेला होता आणि परळच्या एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय होता. बायको तुळसा गावी, शेती सांभाळून. खोलीत तो जवळजवळ एकटाच. त्याने मला झटकलं आणि माझ्यावर एका अनोळखी बाईला झोपवलं. मी पुन्हा हादरले. पाठ ओळखीची नव्हती. बाईचं नाव मंजुळा. ती लांबच्या गावाहून नवऱ्याला घेऊन हॉस्पिटलात आली होती. नवऱ्याला आत खाट मिळाली होती. मंजुळाला बाहेर फुटपाथ मिळाला होता.

"त्या फुटपाथवर अशी दोनशे माणसं निजतात," जयवंत शेवंतामावशीला सांगत होता, "आणि इथे आपली खोली रिकामी. लाज वाटते मावशी."

"लाज वाटता तर दार लाव," मावशी म्हणाली. खाणावळ तिने अजून चालवली होती, फक्त जेवणारे मोजके उरले होते. पण त्याच संध्याकाळी तिने मंजुळासाठी ताट पाठवलं. ताट परत आलं तेव्हा त्यात एक दाणा नव्हता, हे तिने माझ्यादेखत दोनदा पाहिलं.

मंजुळाच्या मागोमाग आणखी दोघं-तिघं आले. मग सावरकोंड ग्रामस्थ मंडळाचे चिटणीस बाबुराव आले. बाबुरावांची हयात गणपतीची वर्गणी गोळा करण्यात गेलेली. कोणाच्या खिशात काय आहे ते त्यांना शर्टावरून कळे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. चाळ पाडून टॉवर होणार. बिल्डरला खोली आत्ताच देऊन टाकावी, येतील ते पैसे सभासदांनी वाटून घ्यावेत, आणि गावच्या खोलीचा विषय संपवावा. हे परके लोक एकदा आत बसले की ते जमायचं नाही.

मंडळाची सभा भरली. जयवंत हात जोडून म्हणाला, खोली विकू नका, पेशंटच्या माणसांसाठी ठेवा. सभेने बराच खल करून असं ठरवलं, की पुढच्या वार्षिक सभेपर्यंत जयवंताने खोलीचं थकलेलं भाडं आणि दुरुस्तीचा खर्च उभा करावा. केला तर खोली पेशंटच्या माणसांची. नाही तर बिल्डरची. जयवंत त्यानंतर दारोदार फिरला. लोकांनी चहा दिला आणि 'बघू' म्हणाले. मित्रांनो, 'बघू' हे आपल्याकडचं सर्वांत स्वस्त दान आहे.

मॅरेथॉनची कल्पना सरोजिनीताईंची. सरोजिनीताई हॉस्पिटलात समाजसेविका होत्या, प्रभादेवीला राहायच्या, आणि बोलताना वाक्य पूर्ण करायच्या. त्या खोली बघायला आल्या आणि माझ्यावरच बसल्या, म्हणून हे संभाषण मला शब्दन् शब्द माहीत आहे.

"जयवंत, तुम्ही रोज पळत येता ना ड्यूटीला?"

"पळत नाही ताई, घाईत असतो."

"जानेवारीत शहरात मोठी मॅरेथॉन आहे. बेचाळीस किलोमीटर. तुम्ही पळायचं आणि लोकांना सांगायचं, मी पळतो, तुम्ही खोलीसाठी पैसे द्या."

"लोक कशाला देतील?"

"तुम्ही पळताय म्हणून."

"आणि न पळता मागितले तर?"

"मागितलेत की. दिले का?"

जयवंताने माझी निळी कड सरळ केली. मग त्याने विचारलं, "कुठून कुठे पळायचं?"

"जिथून निघायचं साधारण तिथेच परत."

"म्हणजे काम काहीच व्हायचं नाही."

"काम नाही हो ते."

"आणि पळायची फी?"

"ती आपण भरायची."

जयवंताने माझ्याकडे पाहिलं. गिरणीच्या गेटवर धावत जाऊन उशीर झाला तर खाडा पडायचा, हे त्याला माहीत होतं. पळायला मिळावं म्हणून आपण आधी पैसे भरायचे, हे ऐकून तो इतका सुन्न झाला की हो म्हणून बसला.

पहाटे तो पळायला लागला. लालबागहून परळ, परळहून वरळीचा समुद्र, तिथून परत. चाळीत पहाटे पळणारा माणूस याआधी एकच होऊन गेला होता, आणि त्याच्यामागे पोलीस होते. त्यामुळे शेवंतामावशीने जयवंताला जिन्यातच गाठलं.

"काय रे जयवंता, कोण लागलाहा मागे?"

"कोण नाय मावशी. पळतोय."

"ता दिसता. पण कशाक?"

जयवंताला दम लागला होता. "आजारी माणसासाठी," एवढंच तो म्हणाला आणि भिंतीला टेकला.

मावशीने पुढचं सगळं स्वतः जुळवलं. पन्नाशीचा माणूस. खाऊन-पिऊन सुखी. हाडं दुखेपर्यंत धावतो, कशासाठी ते धड सांगत नाही. बायको गावी, यंदा गणपतीनंतर मुंबईला आलेली नाही. यावरून लालबागमध्ये कोणीही जो निष्कर्ष काढला असता तोच तिने काढला. तुळसाला मोठं दुखणं आहे आणि जयवंत देवीला नवस बोलला आहे. संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांना ते माहीत झालं.

जानेवारीतली शर्यत जयवंत पुरी पळाला. सरोजिनीताईंच्या पिशवीत बसून मीही गेले होते. घामेजलेल्या अंगाला वारा लागू नये म्हणून त्या मला त्याच्या खांद्यावर टाकणार होत्या. तिथे मी जे पाहिलं त्याने माझे धागे सैल झाले. हजारो माणसं. त्यांच्यामागे कोणी नाही, पुढे कोणी नाही, गेट बंद होणार नाही, आणि तरी पळतात. काही जण दोन वळणं चालून फोटो काढून नाश्त्याला जात होते आणि त्यांच्या छातीवरही कुठल्या ना कुठल्या गरिबाचं नाव होतं. जयवंत पोहोचला तो जवळजवळ शेवटी. त्याची पाठ मला लागली, तीच अरुंद पाठ. फक्त आता ती थरथरत होती.

चाळीत परतलो तर जिन्याखाली बायका ताट घेऊन उभ्या. शेवंतामावशीने मला त्याच्या खांद्यावरून ओढलं आणि पायघडी म्हणून जमिनीवर अंथरलं. जयवंताच्या पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं. मग माझ्यात नारळ, तुळसासाठी खण आणि नोटा पडू लागल्या. संपाच्या मदतफेरीत पडली होती ती चिल्लर. या नोटा होत्या.

"मावशी, तसं काही नाहीये," जयवंत कळवळून म्हणाला. "तुळसा ठणठणीत आहे. हे हॉस्पिटलच्या माणसांसाठी..."

"गप रव. बोललेलो नवस फिटासर सांगूचो नसता, माका ठाऊक आसा."

झालं. आता जितक्या वेळा तो नाही म्हणे तितका नवस पक्का होत होता. वर मावशीने हेही ठरवून टाकलं, की नवस एकदा पळून फिटत नाही. नारळ पाच, सवाष्णी पाच, मंगळवार पाच. तेव्हा पळणीही पाच. वर्षाच्या आत.

सरोजिनीताईंना हे पटलं नाही. "जयवंत, लोकांचा गैरसमज झालाय. तुम्ही स्पष्ट सांगायला हवं."

"सांगितलं ताई. दोनदा."

"मग पुन्हा सांगा."

"तिसऱ्यांदा सांगितलं तर ऐकतील," जयवंत म्हणाला, "म्हणून सांगत नाही."

त्या वर्षी जयवंत पुण्याला पळाला, नाशिकला पळाला, पावसाळ्यात ठाण्याला पळाला. पुण्याच्या शर्यतीत एका कंपनीच्या साहेबांनी त्याच्याबरोबर उभं राहून फोटो काढला आणि त्याला एक चेक दिला. चेक पुठ्ठ्याचा होता आणि माझ्या निम्म्या लांबीचा होता. खरा चेक मागाहून येतो, असं साहेब म्हणाले. तो अजून येतोच आहे. पुठ्ठा मात्र चांगला जाड निघाला. फरशीची ओल लागू नये म्हणून तो माझ्याखाली घालतात.

चाळ प्रत्येक पळण्याला सढळ हाताने देत होती. खोलीचा खर्च जवळजवळ निघत आला होता. सभेला थोडे दिवस उरले होते, एक पळणं बाकी होतं. आणि एका सकाळी परळच्या डेपोत एसटीतून उतरून, डोक्यावर तांदळाची गोणी घेऊन, तुळसा चाळीत शिरली.

गोणी डोक्यावर घेऊन चार जिने चढणारी ही बाई मरणाच्या दारात आहे, असं जमलेल्या लोकांना एकदम मानता येईना. सगळे तिच्याकडे नुसते बघत राहिले.

"बघताय काय?" तुळसा म्हणाली. "मेलेलं माणूस पाहिलं नाय कधी?"

जयवंत दारात आला आणि तिथेच उभा राहिला. तुळसेने गोणी त्याच्या पायाशी टाकली.

"महिनाभर गावातल्या बाया येऊन माझ्या खळ्यात बसतायत. पेज आणतायत. माझ्या तोंडाकडे बघून डोळे पुसतायत. मला वाटलं, दुसऱ्या कोणाचं असेल. मग भावकीतल्या एकीने तुझ्यासाठी स्वतःची नणंद सुचवली. माझ्यासमोर. माझाच चहा पिता पिता."

"तुळसा, मी सांगणार होतो..."

"कोणाला? नणंदेला?"

एव्हाना बाबुराव पोहोचले होते. असं काही घडलं की ते पोहोचतातच. "म्हणजे ही बाई आजारी नाही," ते मोठ्याने म्हणाले. "मग वर्षभर जमा केलं ते काय? ही सरळ फसवणूक आहे. मी सभेपुढे ठेवणार. खोलीचा विषय संपला."

लोकांची कुजबुज वाढली. जयवंताचा चेहरा पांढरा पडला, मी नवी असताना होते तसा. तेवढ्यात शेवंतामावशी पुढे आली. तिने तुळसेला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, तिच्या दंडाला हात लावून पाहिला आणि निकाल दिला.

"फसवणूक कसली? नवस फळलो."

सगळ्या चाळीने श्वास सोडला. चार पळण्यांतच गुण आला होता. देवीच्या विरुद्ध सभेत ठराव मांडणं बाबुरावांनाही जड होतं. मित्रांनो, खोली त्या क्षणी वाचली होती. कोणी काही बोललं नसतं तर गोष्ट तिथेच संपली असती.

"मावशी, मी आजारी नव्हते," तुळसा म्हणाली.

"आता नाहीस, म्हणान बोलतंस."

"आधीपण नव्हते."

"दुखणां आत असता गो. तुका काय कळतला?"

"माझं दुखणं मला कळणार नाही?" तुळसा आत गेली, मला भिंतीजवळून उचललं, बाहेर आणून गॅलरीत पसरलं. मंजुळाचं जयवंताने तिला फोनवर सांगितलेलं होतं, फक्त नवसाचं गाळलं होतं; मंजुळाचा हात धरून तुळसेने तिला पुढे उभं केलं. नवऱ्याचे उपचार लांबत गेल्याने मंजुळा अजून इथेच होती, पण कोणाच्या अध्यातमध्यात नसायची; ती भिंतीकडे बघत उभी राहिली. "आजारी हिचा नवरा आहे. जयवंत हिच्यासाठी पळाला. तुम्ही माझ्या नावाने दिलंत. हिच्या नावाने दिलं असतंत?"

मागे उभे असलेले दोघं-तिघं जिन्याकडे सरकले.

"नसतं ना? मग ज्याने माझ्यासाठी दिलं त्याने उचलून न्यावं. जयवंता, आण ते पैसे."

जयवंताने डबा आणला आणि माझ्यावर ओतला. मित्रांनो, गोष्टींमध्ये अशा वेळी एकही हात पुढे येत नाही. लालबागमध्ये आले. आधी एक, मग चार, मग रांग लागली. माझ्यावर वाकलेल्या त्या हातांनी मला जेवढा धक्का दिला तेवढा संपानेही दिला नव्हता. एकाने तर आधी काहीच टाकलेलं नव्हतं. तोही थोडे घेऊन गेला. आणि शेवटी शेवंतामावशी वाकली. तिने आपले नेमके वेगळे काढले आणि कनवटीला लावले.

"देवीच्या नावान दिलेलो पैसो," ती कोणाच्याही डोळ्याला डोळा न देता म्हणाली. "तो तिकाच जाऊक होयो."

उरलं ते निम्म्याहून कमी. बाबुराव शिट्टी वाजवत जिना उतरले.

त्या दिवशी खोलीत कोणी जेवलं नाही. जयवंत गुडघ्याला फडकं बांधून बसला होता. "वर्षभर पळालो," तो म्हणाला, "आणि जिथून निघालो तिथेच परत. ताई म्हणाल्याच होत्या."

"एक राहिलंय ना?" तुळसा म्हणाली.

"आता कशाचं?"

"मोजून पाच बोलले होते ना सगळे? पळ. पण माझ्या मरणावर नको. हिचं नाव घेऊन पळ, आणि पैसे मिळाले नाहीत तर नाही मिळाले."

सभेच्या आत कुठेच शर्यत नव्हती. तेव्हा जयवंताने ती घरीच करायची ठरवली. रविवारी सकाळी लालबागच्या नाक्यावरून निघायचं, परळ, प्रभादेवी, वरळी करून परत नाक्यावर, आणि बेचाळीस किलोमीटर भरेपर्यंत अशाच फेऱ्या. नाक्यावर मी पसरलेली असेन. ज्याला द्यायचं त्याने द्यावं, कोणासाठी ते विचारून द्यावं.

सकाळी मला धरायला तुळसा होती. सरोजिनीताई आल्या. आणि कोणी बोलावलेलं नसताना शेवंतामावशी येऊन तिसऱ्या टोकाला उभी राहिली. तिने कनवटीचे पैसे काढून माझ्यात टाकले.

"हे देवीचे ना, मावशी?" तुळसेने विचारलं.

"देवीचे काल देवळात नेऊन दिले. ह्ये माझे."

चौथं टोक मात्र कोणाकडेच नव्हतं. मंजुळाला हॉस्पिटलातून बोलावणं आलं होतं. चादर तीन टोकांनी धरता येत नाही, हे तुम्ही घरी करून बघा. चौथा कोपरा लोंबतो आणि आतलं सगळं तिकडे घरंगळतं. जयवंत पहिली फेरी मारून गेला, लोकांनी थोडीबहुत चिल्लर टाकली आणि ती माझ्या कोपऱ्यातून रस्त्यावर, रस्त्यावरून गटाराकडे निघाली. बायका वाकून वेचत होत्या. बाबुराव समोरच्या पानपट्टीवर उभे राहून बघत होते. दुसऱ्या फेरीला पुन्हा तेच. एक पाच रुपयांचं नाणं उभं राहून घरंगळत थेट त्यांच्या चपलेपाशी गेलं, चपलेला वळसा घातला आणि जाळीतून गटारात पडलं.

बाबुराव रस्ता ओलांडून आले. "मला हे मान्य नाही, आधीच सांगतो," ते म्हणाले. "पण वर्गणी गटारात जाताना बघवत नाही." आणि त्यांनी चौथं टोक धरलं.

"वर धर मेल्या, वर," मावशी म्हणाली.

एकदा टोक हातात आल्यावर बाबुरावांचं स्वतःवरच काही चालेना. आयुष्यभराची सवय. सिग्नलला टॅक्सी थांबली की बाबुराव मला ओढत खिडकीपाशी. दुकानदाराने मान फिरवली की बाबुराव नाव घेऊन हाक मारणार, "काय शेठ, गणपतीला तोंड दाखवायचंय ना?" कोणासाठी म्हणून विचारलं तर आधी ते चाचरले. तिसऱ्या फेरीला 'फुटपाथवर निजणाऱ्या बाईसाठी' म्हणाले. पुढच्या फेरीला तर मंजुळाच्या नवऱ्याच्या दुखण्याची अशी वर्णनं करू लागले, की सरोजिनीताईंना त्यांना थांबवावं लागलं. दुपारपर्यंत त्यांचा घसा बसला. मी इतकी जड झाले होते, की मला जमिनीवर टेकवावं लागलं.

शेवटच्या फेरीला जयवंत पळत नव्हता. एक पाय पुढे जात होता आणि दुसरा त्याच्यामागे नाइलाजाने येत होता. गॅलऱ्यांमधून जुने गिरणीवाले उभे राहून बघत होते. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारा एवढंच म्हणाला, "हळू रे, आता खाडा नाही पडत." जयवंत नाक्यावर पोहोचला, त्याने मान वर केली, चौथ्या टोकाला बाबुराव दिसले, आणि तो कोसळला. गुडघ्यामुळे पडला, असं डॉक्टरांचं मत आहे. मी जवळून पाहिलं आहे. तो धक्क्याने पडला.

तो गुडघा पुन्हा पळण्यालायक झाला नाही. जिना चढतानाही आता जयवंत कठडा धरतो.

आठवड्याने सभा भरली, तेव्हा ठरलेली रक्कम पुरी झालेली होती. तोवर गणेशगल्लीपासून परळच्या पुलापर्यंत ज्याला-त्याला माहीत झालं होतं, की सावरकोंडच्या बाबुरावांनी रस्त्यावर उभं राहून खोली वाचवली. सभेत लोकांनी त्यांचे हात हातात घेतले. एकाने शाल आणली होती. बाबुराव दोन मिनिटं शालीकडे बघत होते. मग उठून म्हणाले, "ही खोली पेशंटच्या माणसांसाठी असावी, हे माझं पहिल्यापासूनचं मत होतं." ठराव एकमताने मंजूर झाला. महिनाभरात खोलीच्या दारावर पितळी पाटी लागली: 'चिटणीस बाबुराव यांच्या अथक परिश्रमांतून.' जयवंताचं नाव पाटीवर नाही.

पाटी पाहून मी अवाक झाले. तुळसा तर स्क्रू काढायला पकड घेऊनच आली. जयवंताने तिचा हात धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "त्याचं नाव दारावर आहे तोवर तो खोली विकणार नाही. माझं नाव असतं तर पावसाळ्याच्या आत विकली असती."

तुळसेने थोडा विचार केला आणि पकडीने उलट स्क्रू घट्ट केले.

मित्रांनो, मंजुळाचा नवरा वाचला नाही. ती गावी गेली. जाताना मला धुऊन, वाळवून, घडी करून गेली. तिच्यानंतर माझ्यावर किती पाठी आल्या ते मी सांगत नाही. आता मधोमध मी इतकी विरले आहे, की खालच्या पुठ्ठ्यावरचे आकडे वाचता येतात. मला फार दिवस नाहीत, हे मला कळतं. आमच्यात नवसाची सोय नाही.

माझं मागणं लहान आहे. तुमच्या घरात एखादी जुनी चादर असेल तर लादी पुसायला फाडण्याआधी ती कोणाच्या पाठीखाली जाईल का, ते बघा. मला धुताना पाणी कोमट घ्या, पिळू नका, नुसती निथळू द्या. आणि भरदुपारी झाडू मारायला खोलीत आलात, आणि माझ्यावर कोणी निजलेलं दिसलं, तर तो कोपरा राहू द्या. त्यांचं माणूस हॉस्पिटलात आत असतं. संध्याकाळी भेटायची वेळ होईपर्यंत त्यांना तेवढीच झोप असते.